कलासंग्रहालयातील वाटसरू

मुंबईच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक मध्यम स्थितीतील कुटुंबात, परगावाहून येणाऱ्या पाहुण्यांस काय काय दाखवावे याची एक यादी ठरलेली असते. ती कोणी कागदावर लिहून ठेविलेली नसते. पण सिद्धिविनायक, महालक्ष्मी, राणीची बाग, चौपाटी आणि गेटवे ऑफ इंडिया हा तिचा क्रम सहसा चुकत नाही. या यादीत दुपारचे ऊन टाळण्याच्या निमित्ताने ‘म्युझियम’ ही एक बाब कोठे तरी बसविली जाते. आमचे बिऱ्हाड भाईंदरास आहे. आमच्या मीरा-भाईंदर शहराची वस्ती २०११ च्या शिरगणतीतच ८ लक्षांवर गेली होती. परंतु चित्रे व शिल्पे पाहावयाची म्हणजे चर्चगेटपर्यंतचा सुमारे ४३ किलोमीटरांचा लोकलचा प्रवास करावयाचा, हीच येथील बहुतेकांची समजूत आहे. अर्थात एवढा प्रवास करून गेलेला मनुष्य एका दिवसात जितके पाहून होईल तितके पाहूनच परततो. भाड्याचे पैसे वसूल करण्याची ही वृत्ती हास्यास्पद खरी, तथापि ती आमच्याही अंगी पुरेपूर आहे, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

कलासमीक्षेच्या नावाने जे लेखन आपल्याकडे होते, ते बहुधा जाणत्या रसिकास उद्देशून असते. संग्रहालयात नुसता फेरफटका मारावयास आलेला, हातात पाण्याची बाटली व खांद्यावर डब्याची पिशवी घेतलेला जो वाटसरू प्रेक्षक, त्याची कोणी दखल घेत नाही. घेतलीच तर थट्टेकरिता. आम्हीही पंचवीसांहून अधिक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकविताना, पूर्वतयारीवाचून कलाकृतीपुढे जाणे म्हणजे एक प्रकारचा उद्धटपणा होय, असे विद्यार्थ्यांस सांगत आलो. या मतास गेल्या हिवाळ्यात जो धक्का बसला, त्याची हकीकत या लेखात अपरिहार्यपणे येईल; कारण मुंबईच्या संग्रहालयांविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे, ते त्या हकीकतीपासून वेगळे काढता येत नाही.

आमची वडील बहीण आक्का संगमेश्वराकडून चार दिवस आली होती. तिची साठी उलटून गेलेली, शिक्षण गावच्या शाळेपुरते, परंतु वाचनाची आवड दांडगी. “तू इतकी वर्षे ज्या चित्रांच्या गोष्टी सांगतोस, ती एकदा दाखव तरी,” असे ती म्हणाली. आम्ही तत्काळ एक कार्यक्रम आखला. सकाळी छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय, दुपारी समोरचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि सायंकाळी भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय! असा कार्यक्रम जो मनुष्य आखतो, तो स्वतः कधी मनापासून चित्रे पाहात नसावा, हे कोणाच्याही ध्यानात यावयास पाहिजे होते. आमच्या आले नाही.

पहिल्या वास्तूविषयी वेगळी प्रस्तावना नको. १९०५ साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी, जॉर्ज विटेट यांची रचना, पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय म्हणून उपयोग, १९२२ च्या जानेवारीत सर्वांसाठी उघडणे आणि १९९८ साली सध्याचे नाव, हा इतिहास आम्हांस पाठ होता आणि तो घुमटाखाली उभे राहून आम्ही आक्कास ऐकविला. घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया आहे, हेही सांगितले. ती मात्र नक्षीदार लाकडी खांबांकडे पाहात होती. विटेट यांनी एका जुन्या वाड्याचे लाकूडकाम या दगडी इमारतीच्या पोटात बसविले आहे. “हे आपल्याकडच्या माजघरासारखे आहे,” एवढेच ती म्हणाली, आणि आम्ही तीस पुढे नेले. पुढे म्हणजे कोठे? निमरूदच्या असीरियन राजवाड्यातील शिल्पपट्ट, मीरपूरखासची मातीची शिल्पे, देवदेवतांच्या मूर्ती, टाटा बंधूंनी दिलेली युरोपीय तैलचित्रे, चिनी व जपानी भांडी, हत्यारे आणि शेवटी पेंढा भरलेले पशुपक्षी. दोन तासांत मनुष्यजातीचा तीन हजार वर्षांचा संसार उलथापालथा करून आम्ही बाहेर पडलो, तेव्हा आक्का पायरीवर बसली व म्हणाली, “डोळे दुखत नाहीत रे, पण मान आणि कंबर गेली.”

हे गाऱ्हाणे नवे नाही. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर एक लेखच लिहिला होता. त्यांनी एका बुद्धिमान व निरोगी दृष्टीच्या मनुष्यास काचकपाटांतील वस्तूंविषयी साधे प्रश्न विचारले आणि उत्तरे शोधताना त्यास कसे वाकावे, गुडघे टेकावे व टाचा उंच कराव्या लागतात, त्याची छायाचित्रे घेतली. वस्तूंची मांडणीच अशी असते की, त्या नीट पाहावयाच्या तर मनुष्याने कसरतपटू असावे लागते, आणि म्हणून बहुतेक लोक अर्धवट पाहून पुढे जातात, असा त्यांचा अभिप्राय. गिलमन यांनी दोष मांडणीवर ठेविला. पुढे १९२३ साली पॉल व्हॅलेरी या फ्रेंच कवीने दोष त्याहून खोल असल्याचे दाखविले. एकेक कलाकृती ही आपल्यापुरती सम्राज्ञी असते. अशा शेकडो सम्राज्ञी एका दालनात दाटीने बसविल्या, म्हणजे त्या एकमेकींचा जीव घेतात, असा त्याच्या तक्रारीचा मतितार्थ आहे. आम्ही हे दोन्ही लेख पूर्वी वाचलेले होते. वाचलेले असणे आणि उपयोगी पडणे यांत किती अंतर आहे, याचा हा आणखी एक दाखला.

असो. जेवण करून आम्ही आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेलो. ही इमारतही विटेट यांचीच. १९११ साली सर कावसजी जहांगीर सभागृह म्हणून ती उभी राहिली, आणि १९९६ साली तिच्या पोटात अर्धवर्तुळाकार सज्जे चढवून तिचे कलासंग्रहालय करण्यात आले. सभागृहाचे असे रूपांतर करणे सोपे नव्हते. एकावर एक दालने रचीत प्रेक्षकास घुमटापर्यंत नेण्याची कल्पना फार सुंदर आहे. मात्र ती गुडघ्यांस विचारून योजिलेली नाही. दुसऱ्या जिन्यानंतर आक्का एका मोठ्या अमूर्त चित्रापुढे थांबली. बहुधा दम घेण्यासाठीच. करड्या व हिरवट रंगांचे थर, मधूनच पुसट डाग, दुसरे काही नाही. बराच वेळ पाहून ती मोठ्याने म्हणाली, “आपल्या मागच्या पडवीची भिंत पावसाळ्यात अशीच दिसते. लहानपणी तापात पडले होते, तेव्हा मी तीत डोंगर आणि माणसे पाहात असे.” शेजारी दोघे तरुण कलाविद्यार्थी उभे होते, त्यांनी मागे वळून पाहिले. आम्हांस शरम वाटली. आम्ही तिचा हात धरून तीस पुढच्या दालनात नेले.

आज त्या प्रसंगाचा विचार करिता शरम वाटते ती निराळ्या कारणाने. ओल आलेल्या, डाग पडलेल्या भिंतीकडे टक लावून पाहावे, म्हणजे तीत डोंगर, नद्या, वृक्ष, झुंजणारी माणसे दिसू लागतात व कल्पनाशक्तीस चालना मिळते, हा उपदेश चित्रकारांस प्रत्यक्ष लिओनार्दो दा विंची याने करून ठेविला आहे. आम्ही तो वर्गात अनेकदा सांगितलेला आहे. तोच अनुभव स्वतःच्या बहिणीच्या तोंडून, पुस्तकाच्या मध्यस्थीवाचून बाहेर पडला, तेव्हा आम्हांस तो अडाणीपणा वाटला. येथे कोणी म्हणेल की, चित्र पाहून घरची भिंत आठवणे म्हणजे चित्र समजणे नव्हे. आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु तो चित्रात शिरण्याचा एक खरा दरवाजा होता, आणि तो आम्ही लावून घेतला, हे म्हणणे भाग आहे.

आधुनिक चित्रकलेच्या बाबतीत आपल्या सुशिक्षित वर्गाची जी स्थिती आहे, तीस असे लावलेले दरवाजेच बव्हंशी कारण झाले आहेत. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन झाला. त्यातील सहा मूळ सभासदांपैकी हुसेन यांचे नाव घरोघरी माहीत आहे. ते पुष्कळदा चित्रांपेक्षा वादांमुळे. पण त्याच सहांत हरी अंबादास गाडे व सदानंद बाक्रे ही दोन मराठी नावे होती, हे आमच्या प्राध्यापकवर्गातही किती जणांस सांगता येईल, याची शंका आहे. वासुदेव गायतोंडे नागपुरास जन्मले, गिरगावात वाढले, जे. जे. कलाशाळेत शिकले. त्यांचे एक चित्र २०१३ साली मुंबईच्या लिलावात २३ कोटी ७० लक्ष रुपयांस गेले, तेव्हा आम्हां मराठी वाचकांस त्यांची पहिली खबर लागली. किंमत कळली, चित्र कळले नाही. त्याच १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कवितां’नी मराठी वाचक असाच गोंधळून गेला होता, पण तेथे मासिकांतून वाद झाले, अर्थ लाविले गेले, शिव्याही दिल्या गेल्या, आणि त्या झटापटीत वाचक हळूहळू त्या कवितेस सरावला. चित्रांच्या वाट्यास अशी मोकळी मराठी भांडणे फार थोडी आली. भिंतीवरील पाटी चित्रकाराचे नाव, साल, माध्यम व लांबीरुंदी सांगते. लांबीरुंदी तर समोर दिसतच असते!

त्या सायंकाळी भायखळा अर्थातच राहिले. चर्चगेटहून सुटणारी भाईंदर लोकल मिळाली व सुदैवाने आक्कास खिडकी मिळाली. दादर मागे पडल्यावर, काही तरी बोलावयाचे म्हणून आम्ही तीस सकाळच्या लघुचित्रांविषयी सांगू लागलो. ते दालन आम्ही पाच मिनिटांत उरकले होते. आम्ही म्हणालो की, या संग्रहालयाच्या संग्रहात अकबराच्या चित्रशाळेतील ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी ग्रंथाच्या हस्तलिखिताची पाने आहेत आणि तो ग्रंथ म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपले पंचतंत्र होय. सहाव्या शतकात ते इराणात गेले व पहलवी भाषेत उतरले. आठव्या शतकात त्याचे अरबी झाले. आपले करटक व दमनक हे कोल्हे तेथे कलीला व दिमना झाले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या एका विद्वानाने त्याच गोष्टी अलंकारिक फारसीत लिहिल्या आणि फिरत फिरत त्या अकबराच्या दरबारी परत हिंदुस्थानात आल्या, तेथे चित्रकारांनी त्या रंगविल्या. सिंह, बैल व ते दोन कोल्हे हजार वर्षे प्रवास करून, पोशाख बदलून स्वदेशी आले, असेच म्हणावयाचे.

आक्का खिडकीबाहेर पाहणे सोडून आमच्याकडे पाहू लागली. दमनकाची गोष्ट तिने आम्हांस लहानपणी कितीदा तरी सांगितली होती. ती म्हणाली, “अरे, मग हे तिथे का नाही सांगितलेस? तिथे तू मला राजांची नावे सांगत बसलास.”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि अद्यापि नाही. लघुचित्र ही वस्तू मुळात भिंतीवर टांगण्याकरिता निर्माण झालेलीच नाही. ते पोथीचे पान. बैठकीवर बसून, हातात धरून, वीतभर अंतरावरून एकट्याने किंवा दोघांनी पाहावयाचे. खारीच्या केसांच्या कुंचल्याने काढलेली पापणी चालत्या मनुष्यास दिसावी तरी कशी? तैलचित्र दुरून हाक मारते. लघुचित्र हाक मारीत नाही, ते आपण जवळ जाईपर्यंत गप्प राहते. संग्रहालयाच्या एकाच चालीने दोन्ही पाहू गेले असता एकावर अन्याय व्हावयाचाच, आणि तो नेहमी धाकट्यावर होतो. त्यातून अशा चित्रांची जी किल्ली, म्हणजे गोष्ट, ती हौशी प्रेक्षकापाशी पुष्कळदा जाणत्याहून अधिक चांगली शाबूत असते. कृष्णाच्या खोड्या, रागरागिणी, बारमास, पंचतंत्र हे सर्व आमच्या बहिणीस तोंडपाठ. आम्हांस पाठ होत्या त्या घराण्यांच्या सनावळ्या.

पुढील रविवारी आम्ही भायखळ्यास गेलो, व या खेपेस दुसरे काहीही पाहावयाचे नाही असे ठरवूनच गेलो. राणीच्या बागेत शिरणारी गर्दी पेंग्विनांकडे लोटत होती. फाटकापाशीच असलेल्या या देखण्या इमारतीकडे फारच थोडे लोक वळत. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने उघडलेले हे मुंबईचे सर्वांत जुने संग्रहालय. ज्यांच्या खटपटीने ते उभे राहिले, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव त्यास १९७५ साली मिळाले. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा खुले झाले, आणि तो जीर्णोद्धार आमच्या मते या शहरात झालेल्या अशा कामांतील अत्यंत रसिकपणाचा होय. ओतीव लोखंडाचे खांब, सोनेरी मुलाम्याची वेलबुट्टी, उंच छत. येथे वस्तू बेताच्या आहेत आणि त्या बहुतेक एकाच विषयावर बोलतात. तो विषय म्हणजे मुंबई. वास्तुसंग्रहालय हा ज्ञानकोश असेल, तर हे एक सुबक चरित्र आहे. वाटसरू प्रेक्षकास एकच संग्रहालय पाहावयाचे असेल, तर त्याने आधी येथे यावे, अशी शिफारस आम्ही बिनदिक्कत करू. कोशाचे थोरपण कोण नाकारतो? पण कोश पहिल्या पानापासून वाचावयास कोणी बसत नाही.

इमारतीबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले. १८६४ च्या सुमारास त्यास इंग्लंडात नेण्याचा घाट घातला गेला. उचलतानाच यंत्र मोडले, हत्ती पडून त्याचे तुकडे झाले, आणि म्हणूनच तो आपल्यापाशी राहिला. पुढे १९१४ साली ते तुकडे सांधण्यात आले. आक्काने त्याच्या सांध्यांवरून दृष्टी फिरविली व “बरे झाले पडला ते,” असा शेरा मारला. पुरातत्त्वविषयक इतका नेमका अभिप्राय आम्ही क्वचितच ऐकला आहे.

आत मातीच्या लहान लहान आकृती आहेत. मुंबईतील निरनिराळ्या जातीजमाती, त्यांचे पोशाख, पागोटी, त्यांचे धंदे. या आकृतींविषयी आमचे मत चांगले नव्हते, आणि त्यास आधारही होता. राज्यकर्त्यांस प्रजेची ओळख पटावी, अमुक पागोटे म्हणजे अमुक जात हे एका दृष्टिक्षेपात कळावे, या दृष्टीचा त्यांत मोठाच भाग आहे. मनुष्यास नमुना करून काचेत ठेवण्याची ती रीत. आक्का मात्र एका पगडीधारी आकृतीपुढे खाली वाकली व तेथून हलेना. “अण्णाआजोबांची पगडी,” ती म्हणाली. “तू पाहिली नाहीस. ती वाळवीने खाल्ली, त्या वर्षी तू जन्मलास.” आम्ही पाहात होतो ते साम्राज्याचे वर्गीकरण, ती पाहात होती आपला आजा, आणि त्या मूठभर मातीत दोन्ही होती. आमची टीका चुकीची होती असे नाही. पण तीत आजोबांस जागा नव्हती.

जाणतेपणाविषयी येथेच एक गोष्ट आठवते. या संग्रहालयाच्या आरंभीच्या दिवसांत त्याची जबाबदारी वाहणारे जॉर्ज बर्डवुड हे हिंदी कारागिरीचे मोठे चाहते होते. तिच्यावर त्यांनी १८८० साली ग्रंथही लिहिला. परंतु हिंदुस्थानास ललितकला अशी नाहीच, हे त्यांचे ठाम मत होते, आणि १९१० साली लंडनच्या एका सभेत, ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे छायाचित्र समोर असता, त्यांनी तीस चरबी घालून उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्यावर रोदेनस्टाइन प्रभृती कलावंतांनी जाहीर निषेध केला व त्याच वर्षी लंडनात इंडिया सोसायटी स्थापन झाली. उभा जन्म हिंदी वस्तूंच्या सहवासात घालविलेल्या या विद्वानास जे दिसले नाही, ते मूर्तीपुढे सहज हात जोडणाऱ्या कोणाही यात्रेकरूस दिसले असते. उलट यात्रेकरूस मूर्तीचे शिल्प म्हणून वैशिष्ट्य दिसले नसते, हेही खरे. दोघांच्याही डोळ्यांत उणीव आहे. मात्र आपण नेहमी एकाच्याच डोळ्यांस चष्मा लावू पाहतो.

जहांगीर कलादालनाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत, तर हा लेख अपुरा राहील. १९५२ साली उघडलेले हे दालन वास्तुसंग्रहालयाच्या अगदी शेजारी आहे. तेथे शुल्क नाही आणि प्रदर्शने वरचेवर बदलतात. त्यांतील पुष्कळशी सामान्य प्रतीची असतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण तेथे चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो आणि त्यास ‘हे असे का काढले?’ म्हणून विचारता येते. अकबराच्या चित्रकारांस विचारावयाची सोय राहिलेली नाही. आक्काने तेथे कोकणातील घरे रंगविणाऱ्या एका तरुणास, तुझ्या घराच्या पाखीस पुरेसा उतार नाही, पाणी गळेल, असे सांगितले. तो हसला नाही. त्याने वहीत टिपून घेतले.

ती गावी परतल्यानंतर आम्ही वास्तुसंग्रहालयात पुन्हा एकदा, एकटेच गेलो. या वेळी घुमट, इतिहास, सनावळ्या सर्व ओलांडून सरळ लघुचित्रांकडे गेलो व एका पानापुढे उभे राहिलो. पाच मिनिटांनी पाय कंटाळले, दहा मिनिटांनी मन कंटाळले, आणि त्यानंतर कोठे झाडामागे दडलेला, इतका वेळ पानांत मिसळून गेलेला एक मोर दिसला. आम्ही नाक काचेस लागेल इतके वाकलो होतो. इतक्यात दालनातील पहारेकरी लगबगीने जवळ आला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, “काय झालं साहेब? बरं वाटत नाही का? बाहेर बाकडं आहे, बसता का?”

आम्ही त्यास मोर दाखविला. त्याने वाकून पाहिले. “इतकी वर्षं इथं उभा आहे,” तो म्हणाला, “पण हा दिसला नव्हता.” मग जरा वेळाने त्याने आम्हांस त्याच चित्रात, अगदी खालच्या कोपऱ्यात, पाण्याकाठी बसलेला एक बगळा दाखविला.